दिलेला शब्द आणि शेवटची फेरी

वाचकहो, नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर तरुण मुलांचे वडील मला जो प्रश्न विचारतात, तो बहुधा एकच असतो : मोबाइलवरचे गेम खेळणे जायज आहे की नाजायज? त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. ज्या खेळापायी नमाज सुटते, अभ्यास किंवा रोजगार बुडतो, नजर बिघडते, त्या खेळाला दीनमध्ये जागा नाही. पैसे लावून खेळला जाणारा खेळ तर सरळसरळ जुगारच होय. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीने त्याला मद्याच्या पंक्तीत बसविले आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनेही पैशाचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले आहेत. एवढे सांगितले की माझे काम झाले, असे मी आजवर समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र येथे चौसाळ्यातच एक माउली माझ्या घरी आली आणि तिने निराळाच प्रश्न विचारला. "मौलानासाब, माझा मुलगा दोन महिन्यांपासून आपल्या चुलत भावाच्या सलामचे उत्तर देत नाही. विचारले तर म्हणतो, त्याने गद्दारी केली. कसली गद्दारी, तर म्हणे गेममध्ये. गेममधली गद्दारी ही खरी गद्दारी असते का?"

मी हसलो. ते हसणे चुकीचे होते, हे पुढे ध्यानात आले.

दोघे भाऊ एकाच वाड्यात वाढलेले. थोरला वीस वर्षांचा, धाकटा सतरा. क्लॅश ऑफ क्लॅन्स नावाच्या खेळात त्यांनी मिळून एक क्लॅन, म्हणजे टोळी उभी केली होती. हा खेळ फिनलंडमधील एका कंपनीने २०१२ साली काढला. त्यात प्रत्येक खेळाडू आपले गाव वसवितो, तट बांधतो, सैन्य तयार करतो. पण एकट्याने फार दूर जाता येत नाही, म्हणून जास्तीत जास्त पन्नास खेळाडूंची टोळी करावी लागते. टोळीतील माणसे एकमेकांना सैन्य देतात. दोन टोळ्यांची लढाई ठरली की एक दिवस तयारीचा असतो, एक दिवस लढाईचा, आणि लढाईत प्रत्येकाला दोनच हल्ले मिळतात. ते कोणी आणि कोणावर करायचे हे आपसात ठरवावे लागते. टोळीला एक नायक असतो. त्याने नायकपद दुसऱ्याच्या हाती दिले की नवा नायक कोणालाही, अगदी जुन्या नायकालासुद्धा, बाहेर काढू शकतो. एकदा दिलेले पद परत देणे न देणे हे त्या नव्या माणसाच्या मर्जीवर असते. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी तेथे कुलूप ठेवलेले नाही. तेथे फक्त विश्वास आहे.

थोरला दिवाळीनंतर ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक म्हणून पश्चिम महाराष्ट्रात गेला. रात्री-अपरात्री फड ते कारखाना अशा खेपा, मोबाइलला वेळ कोठला? जाण्यापूर्वी त्याने धाकट्याला नायक केले आणि म्हणाला, "मी आलो की परत दे." चौसाळा, नेकनूर, वाशी, भूम अशा गावांतील चाळीसेक मुलांची ती टोळी तीन वर्षांत जमलेली होती. पुढे एका मोठ्या टोळीच्या नायकाने धाकट्याला निरोप धाडला की, तुझे चांगले खेळाडू घेऊन आमच्याकडे ये, तुला उपनायक करतो. धाकट्याने आधी थोरल्याला आणि त्याची बाजू घेतील अशा पोरांना बाहेर काढले, आठ भारी खेळाडू बरोबर घेतले आणि तो निघून गेला. थोरल्याला हे कळले ते कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरच्या रांगेत उभे असताना, पहाटे तीन वाजता.

मी धाकट्याला इशानंतर थांबवून घेतले. आमचे बोलणे दखनीत झाले, येथे मराठीत देतो. मुलगा हुशार आहे, जुम्म्याचा खुतबा लक्ष देऊन ऐकणारा आहे. त्याने तीन उत्तरे दिली. पहिले : तो गेम आहे, मौलाना, त्यात खरे काही नसते. दुसरे : गेमच्या नियमात ते बसते. बसत नसते तर बटणच दिले नसते. तिसरे उत्तर त्याने थोडे थांबून दिले. खंदकच्या लढाईत नुऐम बिन मसऊद (रजि.) यांनी शत्रूंची युती फोडली, आणि लढाई म्हणजे डावपेच असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे तुम्हीच खुतब्यात सांगितले होते ना?

वाचकहो, या तिन्ही उत्तरांना झटकून टाकता येत नाही. आपल्या घरातली मुलेही हेच बोलत असतील, आणि बोलत नसली तर मनात धरून असतील. म्हणून ती एकेक करून पाहू.

खेळात खोटे चालते, हे मान्य केले पाहिजे. लहानपणी आपण चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळलो. चोराची चिठ्ठी हातात असूनही चेहरा राजासारखा ठेवणे हाच त्या खेळाचा जीव. कुस्तीत मल्ल उजवीकडे झुकतो आणि डावीकडून पट काढतो. बुद्धिबळात एक मोहरे मुद्दाम मारू देतात. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण कोणी कोणाच्या भरवशावर बसलेला नसतो. जो फसतो त्याला ठाऊक असते की समोरचा आपल्याला फसविण्यासाठीच बसला आहे. परदेशात 'डिप्लोमसी' नावाचा एक पटावरचा खेळ आहे. ॲलन कॅलहॅमर यांनी तो १९५९ मध्ये प्रकाशात आणला. त्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता सात जण खेळतात, फासे नसतात, फक्त आपसात बोलणी करायची, युती करायची आणि ती योग्य वेळी मोडायची. तेथे बसणारा प्रत्येक जण हे जाणून बसतो. तरीही तो खेळ मैत्री बिघडवतो म्हणून प्रसिद्ध आहे. माणसाच्या मनात 'मी तुझ्या पाठीशी आहे' हे वाक्य पटापुरते ठेवण्याचा कप्पा फार पक्का नसतो, असे यावरून दिसते.

पण आपल्या धाकट्याची गोष्ट याहून वेगळी होती. थोरल्याने जे मागितले ते खेळातील मोहऱ्याने मोहऱ्याकडे मागितले नव्हते. एका भावाने दुसऱ्या भावाकडे, वाड्याच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या तोंडाने मागितले होते. 'परत दे' हे वाक्य खेळाच्या नियमात नाहीच. ते नियमांच्या बाहेर, दोन माणसांमध्ये आहे. जिथे नियम संपतो तिथेच तर शब्द सुरू होतो. कुलूप असते तर शब्दाची गरज काय होती? म्हणून 'बटण दिले आहे' या युक्तिवादात अर्थ नाही. शेजाऱ्याने घराची किल्ली आपल्याकडे ठेवली, तर ती किल्ली कुलपात फिरते हा तिजोरी उघडण्याचा परवाना होत नाही.

आणि ठेवलेली वस्तू खरी की खोटी? त्या टोळीला बाजारात किंमत नाही, ती पडद्यावरची चित्रे आहेत, हे खरे. पण तीन वर्षांच्या रात्री खऱ्या होत्या आणि चाळीस मुलांची ओळख खरी होती. दुसऱ्याने ती ठेव मोलाची मानली आणि आपण ती मोलाची मानूनच हाती घेतली, म्हणजे ती अमानत झाली. प्रेषितांच्या (स.) एका शिकवणीचा आशय असा आहे की, बोलताना एखादा माणूस कोणी ऐकत तर नाही ना म्हणून आजूबाजूला नजर टाकतो, तेवढ्यानेसुद्धा त्याचे बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत ठरते. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ती आली आहे. पैसा नाही, वस्तू नाही, नुसती एक नजर! तिच्यापुढे टोळीचे नायकपद ही मोठीच ठेव म्हणायची.

आता खंदकची गोष्ट. हिजरी सन ५ मध्ये कुरैश, गतफान आणि त्यांचे साथी मदीनेवर चालून आले. शहराच्या आतल्या बाजूने बनू कुरैझाने मुसलमानांशी असलेला करार मोडला. नुऐम (रजि.) गतफानचे होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला होता आणि ते कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी दोन्ही गटांत एकमेकांविषयी संशय पेरला. मुलाने उदाहरण नेमके काढले, हे मी त्याला सांगितलेही. पण इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या विवेचनात या मुद्द्यावर विद्वानांचे एकमत नोंदविले आहे : लढाईत शत्रूला डावपेचाने फसविणे चालते, मात्र त्यात करार किंवा दिलेले अभय मोडले जात असेल तर चालत नाही. डाव आणि दगा यांतील रेषा येथे आहे. शत्रू आपल्याला शत्रू समजून सावध असतो तोवर डाव. तो आपल्या शब्दावर विसंबून पाठ फिरवतो तेव्हा दगा. मी मुलाला एवढेच विचारले, "ज्याला तू बाहेर काढलेस तो त्या लढाईत तुझा शत्रू होता का?" तो काही बोलला नाही.

या रेषेवर स्वतः प्रेषित (स.) कसे उभे राहिले, ते बद्रच्या प्रसंगी दिसते. हुजैफा बिन यमान (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडविले. आम्ही फक्त मदीनेला जातो आहोत, मुहम्मदांच्या (स.) बाजूने लढणार नाही, असे अल्लाहला साक्षी ठेवून वचन घेतले आणि मग सोडले. दोघांनी येऊन ही हकिकत सांगितली. मुसलमान तीनशेच्या थोडे वर आणि समोर हजाराच्या आसपास फौज, अशा घडीला दोन लढवय्ये मिळणे म्हणजे काय, याची कल्पना करा. शब्द घेणारे शत्रू होते. तो जबरीने घेतलेला होता. तो पाळला नाही तर कोणी नावे ठेवली असती? तरीही प्रेषितांनी (स.) दोघांना परत जाण्यास सांगितले. आपण त्यांना दिलेला शब्द पाळू आणि मदत अल्लाहकडे मागू, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. सहीह मुस्लिममध्ये आलेला हा प्रसंग बद्रच्या विजयाइतकाच मोठा आहे, असे मला वाटते. आपण खुतब्यांमधून तो फार कमी सांगतो.

कोणी म्हणेल, मग युती एकदा केली की जन्मभर तीत अडकून राहायचे काय? नाही. सूरह अन्फालच्या ५८ व्या आयतीने मार्ग दाखविला आहे. ज्यांच्याशी करार आहे त्यांच्याकडून दग्याची भीती वाटली, तर तो करार उघडपणे त्यांच्यापुढे परत टाकावा, म्हणजे करार संपला हे दोन्ही बाजूंना सारखेच ठाऊक राहील. 'सारखेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुआविया (रजि.) यांचा रोमनांशी ठरावीक मुदतीचा करार होता. मुदत संपण्याआधीच त्यांनी फौज सरहद्दीकडे हलविली, मुदत संपताच हल्ला करता यावा म्हणून. करारातील एकही अक्षर मोडले नव्हते. तेव्हा अम्र बिन अबसा (रजि.) घोडा दौडवीत आले. शब्द पाळा, दगा करू नका, असे ते ओरडत होते. प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली की, मुदत सरेपर्यंत किंवा करार उघडपणे परत टाकेपर्यंत त्याची गाठ सैलही करायची नाही आणि आवळायचीही नाही. मुआविया (रजि.) फौज घेऊन माघारी वळले. आपल्या मुलाने थोरल्याला एक निरोप धाडला असता, 'मला मोठ्या टोळीत जायचे आहे, तुझे पद परत घे किंवा कोणाला द्यायचे ते सांग', तर तो जाऊ शकत होता. खेळ सोडणे, बाजू बदलणे हे पाप नाही. अंधारात बदलणे वाईट.

मोठ्या टोळीची ओढ ही गोष्ट मात्र नवी नाही. सूरह नह्लच्या ९२ व्या आयतीत एका स्त्रीचा दृष्टान्त आहे. तिने कष्टाने पक्के सूत कातले आणि मग स्वतःच ते उकलून टाकले. त्यापाठोपाठ तेथे सांगितले आहे की, एक गट दुसऱ्यापेक्षा बलवान झाला म्हणून आपल्या शपथांना फसवणुकीचे साधन करू नका. अरबी टोळ्या दुबळ्या मित्राचा हात सोडून बलवानाशी सूत जमवीत, असा संदर्भ भाष्यकार देतात. चौदाशे वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील टोळ्या आणि पडद्यावरच्या टोळ्या यांत मला फरक काढता आला नाही. सूत मात्र तेच, तीन वर्षे कातलेले.

आपल्या दख्खनने याची जी किंमत मोजली, ती मुलांना सांगण्यासारखी आहे. १५६५ मध्ये अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर या चार शाह्या एकत्र आल्या आणि त्यांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. युती घट्ट राहावी म्हणून अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली गेली. त्याच अली आदिलशाहाने काही वर्षांपूर्वी रामरायाशी हातमिळवणी करून अहमदनगरवर स्वारी केली होती. विजयानंतर युती टिकली नाही. शाह्या पुन्हा एकमेकींवर उठल्या. पुढे १५९५ मध्ये अहमदनगरच्या गादीचा वाद पेटला. दरबारातील मियाँ मंजू याने घरातील प्रतिस्पर्ध्यांना हरविण्यासाठी अकबराचा मुलगा शहजादा मुराद याला मदतीला बोलाविले. मुराद येईपर्यंत मंजूचे काम झाले होते आणि त्याला पश्चात्ताप होऊ लागला. पण बोलाविलेले सैन्य 'आता नको' म्हटल्याने परत जात नसते. किल्ला लढविला तो चाँदबीबीने, आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह करावा लागला.

आपला बीडचा मुलूखही निजामशाहीतलाच होता. म्हणून शाळेत चाँद सुलतानाचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण तिचा शेवट कसा झाला ते फारसे सांगत नाही. १६०० मध्ये मोगलांचा दुसरा वेढा पडला. किल्ला टिकणार नाही हे तिला दिसत होते, म्हणून बोलणी करावी असे तिच्या मनात आले. हमीद खान नावाच्या सरदाराने गलका केला की ती मोगलांना फितूर आहे, आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पस्तीस वर्षे ज्या दरबारांत शब्दाला किंमत उरली नव्हती, तेथे सरळ माणसाचे बोलणेही फितुरीसारखे ऐकू येऊ लागले. दग्याचे खरे नुकसान हे असते. ज्याला फसविले तो एकटाच त्यात बुडत नाही. पुढे जो कोणी खरे बोलेल, त्याचे खरेपणही बुडते. थोरला आता कोणत्याच टोळीत जात नाही. कामावरच्या सोबत्याने उसने पैसे मागितले तर त्यालाही देत नाही, असे त्याची आई सांगत होती.

हे सगळे धाकट्याला सांगून झाल्यावर त्याने जे विचारले, त्याने मी अडलो. "पण मौलाना, मी त्याच्याबरोबर पुन्हा खेळणारच नव्हतो. मग शब्द पाळून मला काय मिळणार होते?"

हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनी विचारलेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकाने संगणकांची एक स्पर्धा घेतली. प्रत्येक फेरीत दोन कार्यक्रमांनी ठरवायचे की समोरच्याला साथ द्यायची की दगा. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठविलेला अगदी साधा कार्यक्रम : पहिल्यांदा साथ द्यायची, पुढे समोरचा वागला तसे वागायचे. उद्या पुन्हा गाठ पडणार असेल तर साथ देणे फायद्याचे ठरते, असे त्यातून दिसले. पण एक अडचण होती. शेवटची फेरी कोणती हे ठाऊक असले, की त्या फेरीत दगा देणेच फायद्याचे, कारण त्यानंतर समोरचा बदला घेऊ शकत नाही. म्हणून पुढच्या स्पर्धेत फेऱ्या किती हे निश्चित सांगितलेच नाही.

हिशेबाने माणूस एवढाच प्रामाणिक राहतो : शेवट दिसेपर्यंत. आमच्या मोहल्ल्यातील बायका भिशी लावतात. बारा जणी, दरमहा हजार रुपये, कागदाचा कपटाही नाही. जिला पहिल्याच महिन्यात बारा हजार मिळतात, तिची शेवटची फेरी हिशेबाने तेव्हाच संपते. पुढचे अकरा महिने ती का भरते? शेजाऱ्यांची लाज, हे एक उत्तर आहे. पण गाव सोडून मुंबईला राहायला गेलेल्या एका खालाने उरलेले सात हप्ते जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती धाडले, ते लाजेने नव्हे. सूरह इस्राच्या ३४ व्या आयतीने सांगितले आहे की, दिलेल्या वचनाविषयी विचारणा होणार आहे. ईमान राखणाऱ्याच्या हिशेबात शेवटच्या फेरीनंतरही एक वही उघडते. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय आहे की, त्या दिवशी प्रत्येक दगाबाजासाठी एक झेंडा उभारला जाईल आणि हा अमक्याचा दगा म्हणून तो ओळखला जाईल. टोळीचा झेंडा मोठ्या हौसेने निवडणाऱ्या मुलाला ही गोष्ट लगेच समजते. मला ती समजावून सांगावी लागली नाही.

येथे भाषेविषयी थोडे. महाविद्यालयात मराठी शिकताना एक गोष्ट माझ्या मनात बसली. मराठीत 'वचन' म्हणजे बोलणे, 'वचन' म्हणजे दिलेला शब्द, आणि व्याकरणातले एकवचन-अनेकवचनही 'वचन'च. शब्द पाळणाऱ्याला आपण एकवचनी म्हणतो. दुसरी गोष्ट याहून नवलाची. आपल्या भागात मुकादमाकडून उचल घेऊन एखादी जोडी तोडीला आलीच नाही, किंवा उलट मुकादमानेच हिशेबात मजुरांना बुडविले, तर लोक म्हणतात, "बेइमान निघाला." म्हणणारा हिंदू असो की मुसलमान. 'ईमान' म्हणजे श्रद्धा, हे त्याच्या मनातही नसते. ज्याच्याजवळ अमानत सुरक्षित नाही त्याचे ईमान नाही, आणि ज्याच्या शब्दाला ठिकाण नाही त्याला दीन नाही, अशा आशयाची हदीस इमाम अहमद (रह.) यांच्या संग्रहात आहे. ती कधीही न ऐकलेला शेतकरी तिचा सारांश एका शब्दात बोलून जातो.

आता मला माझे सांगितले पाहिजे. ते गाळून हा लेख छापायला देणे योग्य झाले नसते.

त्या रात्री धाकट्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. मोठ्या टोळीच्या नायकाने त्याला खेळाडू आणल्याबद्दल दोन हजार रुपये पाठविले होते. "अब्बांना सांगू नका," तो म्हणाला. मी म्हणालो, "नाही सांगणार." चार दिवसांनी दोन्ही घरांची माणसे समेटासाठी एकत्र बसली. धाकट्याचे वडील मुलाची बाजू घेत होते : पोरांचा खेळ तो, त्यात कसली बेइमानी? त्यांचा आवाज चढला, माझाही चढला, आणि मी बोलून गेलो, "खेळच होता तर दोन हजार रुपये कशाचे घेतले?" बैठक शांत झाली. वाद मी जिंकला होता. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि तो उठून गेला.

मी स्वतःला बरीच समजूत घातली. मोठे नुकसान टाळायचे असेल तर गुपित सांगता येते, असे विद्वानांनी म्हटले आहे. पण मी ते नुकसान टाळण्यासाठी सांगितले नव्हते. सांगायचेच होते तर आधी मुलाला एकट्याला गाठून म्हणता आले असते की, मी तुला दिलेला शब्द परत घेतो, तू स्वतः अब्बांना सांग, नाही तर मला सांगावे लागेल. सूरह अन्फालची ५८ वी आयत मी त्यालाच तर शिकवली होती. मी ते केले नाही, कारण त्या क्षणी मला जिंकायचे होते. सतरा वर्षांच्या मुलाशी पुन्हा गाठ पडली काय आणि न पडली काय, असेही मनाच्या तळाशी असावे.

दुसऱ्या दिवशी असरनंतर तो हौदावर वुजू करत होता. त्याने मान वर न करता विचारले, "मौलाना, तुम्हीपण जिंकायलाच शब्द मोडला ना?" मी हो म्हणालो. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वडिलांसमोर, मी त्याची माफी मागितली. वडिलांना ते आवडले नाही. इमामाने पोरापुढे हात जोडू नयेत, असे त्यांचे मत.

पुढे धाकट्याने ते दोन हजार परत पाठविले. टोळी सोडून रिकाम्या जुन्या टोळीत तो एकटाच परतला आणि नायकपद थोरल्याच्या नावावर केले. बाहेर काढलेल्यांपैकी सात जण परत आले, बाकीचे दुसरीकडे रमले होते. थोरला अजून तो खेळ उघडत नाही, पण बकरी ईदला गळाभेट झाली, सलामचे उत्तर मिळू लागले. फसविणाऱ्याला फसवू नये, असा हदीसचा आशय आहे. तो मी थोरल्याला सांगायला गेलो होतो. तो म्हणाला, "मी त्याला फसवणार नाहीच, मौलाना. पण विसंबणारही नाही." यावर मी त्याला काही बोललो नाही.

धाकटा पाच वेळा नमाजला येतो, पहिल्या सफमध्ये उभा राहतो. माफ केले, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे. मात्र त्यानंतर त्याने मला स्वतःविषयी काहीही सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.